चित्रातल्या बाईला कोणी विचारले?

एप्रिल २०१८. जपानच्या क्योतो प्रांतातल्या माइझुरू शहरात सुमो कुस्त्यांचा फिरता कार्यक्रम आला होता. आखाड्यावर उभे राहून भाषण करता करता तिथले महापौर कोसळले. प्रेक्षकांतून काही बायका धावल्या, आखाड्यावर चढल्या आणि त्यांनी महापौरांची छाती दाबायला सुरुवात केली. इतक्यात ध्वनिक्षेपकावरून पंचाने फर्मावले, बायकांनी आखाड्यावरून खाली उतरावे. एकदा सांगून भागले नाही म्हणून पुन्हा सांगितले. सुमोचा आखाडा पवित्र, त्याला बाईचा पाय चालत नाही. माणूस मरायला टेकला तरी चालत नाही. नंतर त्या आखाड्यावर मीठ उधळले गेले. टीकेची झोड उठल्यावर सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली, आणि मीठ तर आम्ही नेहमीच टाकतो अशी सारवासारवही झाली. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर २०१५ साली एक बाई चढली म्हणून तो चौथरा दुधाने धुणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र जपान्यांना हसू नये.

त्याच महिन्यात जपानच्या अर्थखात्यातला सर्वांत वरचा सनदी अधिकारी पायउतार झाला. महिला पत्रकाराशी अचकट-विचकट बोलल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याने तो नाकारला, पण खुर्ची सोडावी लागली. आणि त्याच महिन्यात काओरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका नर्तकीने एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. तुम्हाला जे ठाऊक आहे ते खरोखर बरोबर आहे का, अशा अर्थाचे प्रश्नार्थक शीर्षक तिने त्याला दिले होते. २००१ ते २०१६ अशी पंधराएक वर्षे ती नोबुयोशी अराकी या जगप्रसिद्ध छायाचित्रकारासमोर उभी राहिली. त्या वर्षांचा हिशेब तिने मांडला होता.

या अराकींवर २००४ साली एक माहितीपट निघाला. ट्राव्हिस क्लोस या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘अराकिमेंटारी’. सव्वा तासाचा ऐवज आहे. ब्योर्कसारखी गायिका त्यात अराकींची थोरवी सांगते, ताकेशी कितानोसारखा नट-दिग्दर्शक आणि दाइदो मोरियामासारखा तोलामोलाचा छायाचित्रकार त्यांच्याविषयी बोलतो. स्वतः अराकी तर काय, गोल चष्मा, कपाळाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे उभे केलेले केस, सतत बडबड, सतत खिदळणे. माणूस पडद्यावर आला की नजर हटत नाही. मॉडेलभोवती नाचत, तिला हसवत, शटर दाबत तो काम करतो आणि आपण पाहणारे त्या उत्साहात वाहून जातो. चित्रपट संपतो तेव्हा अराकींच्या बायकोचा मृत्यू, त्यांचे मांजर, त्यांची शेकडो पुस्तके हे सगळे आपल्याला कळलेले असते. दोरीने बांधलेल्या त्या बायकांना मोबदला किती मिळाला, त्यांनी कशावर सही केली, कुठला फोटो छापायचा आणि कुठला नाही हे ठरवायचा त्यांना काही हक्क होता का, याची मात्र आपल्याला गंधवार्ताही नसते. आणि खरी मेख अशी, की ती नाही हे आपल्या ध्यानातही येत नाही.

माझी तक्रार त्या दिग्दर्शकावर फार नाही. भक्ताने आरती ओवाळली, तो त्याचा धर्म. तक्रार आहे ती चाळीस-पन्नास वर्षे या कलेविषयी भांडत बसलेल्या सुशिक्षित जगावर. भांडण झाले नाही असे नाही. भांडण झाले आणि कडाक्याचे झाले. पण ते सगळे चुकीच्या प्रश्नावर झाले.

आधी माणूस नीट पाहू. अराकी थोर छायाचित्रकार नव्हेत असे म्हणून हे प्रकरण निकालात काढता आले असते तर फार सोपे होते. तसे ते नाही. १९४० साली तोक्योच्या मिनोवा भागात, लाकडी खडावा करणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. घराजवळच जोकान-जी हे बौद्ध मंदिर. योशिवारा या जुन्या वेश्यावस्तीत मेलेल्या बायकांना वाली नसे. त्यांची प्रेते चटईत गुंडाळून या मंदिरात आणून टाकली जात, म्हणून लोक त्याला टाकून देण्याचे मंदिर म्हणत. अशा हजारो बायका तिथल्या मातीत आहेत आणि बहुतेकींची नावे कुठे लिहिलेली नाहीत. लहानपणी आपण त्याच आवारात खेळायचो, असे अराकी पुढे मोठ्या कौतुकाने सांगत आले.

छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन ते १९६३ साली देन्त्सू या अवाढव्य जाहिरात कंपनीत नोकरीला लागले. पुढच्याच वर्षी मोडकळीस आलेल्या चाळीतल्या एका पोराच्या छायाचित्रांना ‘ताइयो’ पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये तर या गृहस्थाने कंपनीच्या झेरॉक्स यंत्रावर आपल्या फोटोंची पुस्तके छापली, घरी शिवली आणि ओळखीच्यांना, समीक्षकांना, एवढेच काय टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेल्या अनोळखी माणसांनाही टपालाने धाडली. मालकाच्या यंत्रावर नोकराने केलेली ही लबाडी मला मनापासून आवडते.

१९७१ मध्ये देन्त्सूतच काम करणाऱ्या योकोशी त्यांचे लग्न झाले आणि त्या मधुचंद्राचे फोटो त्यांनी ‘सेंटिमेंटल जर्नी’ या नावाने स्वखर्चाने छापले, हजार प्रती. त्यातला एक फोटो जगभर गाजला. यानागावा गावच्या कालव्यात चपटी होडी आहे, होडीत चटई अंथरलेली आहे आणि तिच्यावर योको पाय पोटाशी घेऊन, गर्भातल्या पोरासारखी कुशीवर झोपलेली आहे. चेहरा अर्धा दडलेला. त्या पुस्तकात ती हसताना क्वचितच दिसते. रेल्वेच्या डब्यात ओठ मिटून, हॉटेलच्या पलंगाच्या कडेला थकून, दगडी बाकावर शून्यात पाहत बसलेली. मधुचंद्राचा असा अल्बम कुठल्या नवऱ्याने त्याआधी छापला होता? अराकींनी प्रस्तावनेत घोषणाच केली, की मासिकांतले चकचकीत फोटो खोटे आहेत आणि हे खरे आहेत.

खरेपणाची ही ग्वाही लक्षात ठेवा. पुढचा सगळा व्यापार तिच्यावर उभा आहे.

१९९० च्या जानेवारीत योको कर्करोगाने गेली. अराकींनी तिचे शेवटचे दुखणाईत महिने, इस्पितळातला हातात धरलेला हात, शवपेटीत फुलांमध्ये बुडालेला तिचा चेहरा, आणि ती गेल्यावर बर्फाने भरलेल्या गच्चीवर उड्या मारणारे चिरो हे मांजर, असे सगळे ‘विंटर जर्नी’त छापले. शवपेटीचा फोटो छापावा का, यावरून किशिन शिनोयामा या दुसऱ्या नामांकित छायाचित्रकाराशी त्यांचे जाहीर बिनसले. योको स्वतः लिहिणारी बाई होती. नवऱ्याच्या कॅमेऱ्याविषयी तिने मोकळेपणी लिहिले आहे. ती जिवंत असताना कॅमेऱ्याला राजी होती असे मानायला जागा आहे. पण मेलेल्या बाईच्या चेहऱ्याचा निर्णय कोण घेणार? तो वाद दोन पुरुष छायाचित्रकारांमध्ये झाला आणि तिथेच विरला.

आता दुसरा भाग. १९८० च्या दशकात अराकींनी तोक्योच्या लैंगिक करमणुकीच्या वस्त्यांत मुक्काम ठोकला. ‘शाशिन जिदाई’ या मासिकात त्यांचे फोटो दणक्यात चालत. १९८८ साली पोलिसांनी डोळे वटारले आणि ते मासिक बंद पडले. १९९२ मध्ये एका प्रदर्शनावरून अराकींना तीन लाख येन दंड झाला. पुढच्या वर्षी त्यांचे परदेशी छापलेले पुस्तक विकले म्हणून गॅलरीच्या माणसांना पोलिसांनी धरले. कायदा कोणता, तर जपानी दंडसंहितेचे कलम १७५. संहिता १९०७ ची. त्या काळात पोलिसांची मोठी चिंता कोणती होती म्हणाल, तर फोटोत बाईच्या जांघेतले केस दिसतात की नाही. अक्षरशः केसावरून केस! संपादक शाईने काळे करत, छायाचित्रकार निगेटिव्ह खरवडत, वकील उताऱ्यांवर उतारे वाचत. पुरोगामी मंडळी अराकींच्या बाजूने उभी राहिली आणि सनातनी विरुद्ध बाजूने. एक म्हणे ही कला आहे, दुसरा म्हणे ही घाण आहे.

या सगळ्या गदारोळात ज्या बाईचे ते केस, त्या बाईला साक्षीला कोणी बोलावले? दंड झाला तो सरकारजमा झाला. तिच्या हातात काय पडले? अश्लीलतेचा कायदा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना विटाळ होऊ नये म्हणून केलेला असतो. चित्रातल्या देहाची त्याला पर्वा नाही. तो देह दारू पाजून आणला की पोटासाठी आला, स्वखुशीने उभा राहिला की घाबरून गप्प बसला, हे कलम १७५ विचारतच नाही. आणि त्या कलमाला विरोध करणारे उदारमतवादीही विचारत नव्हते. त्यांची सगळी तलवार कलावंताच्या स्वातंत्र्यासाठी परजलेली. बाई दोन्ही पक्षांच्या लेखी एक वस्तू. एकाने ती झाकायची म्हटली, दुसऱ्याने उघडी ठेवायची म्हटली, इतकाच काय तो फरक.

काओरीने काय सांगितले ते आता ऐका. हे तिचे कथन आहे, कोर्टाचा निवाडा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती म्हणते, पंधरा वर्षांत कधी लेखी करार झाला नाही. बहुतेक वेळा पैसे मिळाले नाहीत. परके लोक जमलेल्या खोलीत तिला नग्न उभे केले गेले. तिचे फोटो आणि तिचे नाव पुस्तकांवर, प्रदर्शनांत, विक्रीच्या वस्तूंवर तिला न विचारता वापरले गेले. ते फोटो पाहून ही बाई अराकींची रखेल असणार असे लोकांनी ठरवून टाकले. अनोळखी माणसे तिच्या मागे लागली. तिने तक्रार केली तेव्हा ती ऐकून घेतली गेली नाही. तिची तब्येत ढासळली, मन खचले. आणि एवढे होऊनही तिने कोर्टाची पायरी चढायचा धाक घातला नाही. यापुढे कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलींच्या वाट्याला हे येऊ नये, एवढेच तिचे म्हणणे.

बाईला दोरीने बांधून फोटो काढण्यासाठी अराकी जगप्रसिद्ध. किनबाकु म्हणतात त्या कलेला. मन बांधता येत नाही म्हणून मी देह बांधतो, असा त्यांचा आवडता खुलासा, आणि त्यावर युरोपातल्या समीक्षकांनी रकानेच्या रकाने लिहिले. दोरीची एकेक गाठ किती सुबक, किती परंपरागत, कुठल्या काळाची, याची चर्चा झाली. या माणसाला स्वतःला बांधून घेणारा एक कागद मात्र, काओरीच्या म्हणण्याप्रमाणे, पंधरा वर्षांत लिहिला गेला नाही. चारशेहून अधिक पुस्तके काढणाऱ्या माणसाला, त्याच्या प्रकाशकांना, मुद्रकांना, गॅलऱ्यांना कागदाची टंचाई होती काय? प्रकाशक आणि छायाचित्रकार यांच्यात करार असणारच. गॅलरी आणि संग्राहक यांच्यात पावती असते, विमा असतो, जहाजाची कागदपत्रे असतात. कागद फक्त एका जागी पोचला नाही.

तिचा लेख आल्यावर किको मिझुहारा या प्रसिद्ध मॉडेल-अभिनेत्रीने तिला उघड पाठिंबा दिला आणि आपलाही एक अनुभव सांगितला. एका जाहिरातीच्या चित्रीकरणाच्या वेळी तिला वरचे कपडे काढून हातांनी छाती झाकायची होती. नेमक्या त्याच वेळी कंपनीतली बरीच पुरुषमंडळी ‘पाहणी’ करायला तिथे येऊन उभी राहिली. नको म्हणायची सोय नव्हती. मिझुहारा नावाजलेली, तिच्यामागे चाहत्यांची फौज. तिची ही गत, तर नाव नसलेल्या मुलीने तोंड उघडायचे कुणाच्या जिवावर?

आता आरोपीच्या पिंजऱ्यात कोण कोण उभे राहायला हवे ते पाहू. एकट्या अराकींना उभे केले की बाकीचे सगळे साळसूदपणे प्रेक्षकांत जाऊन बसतात. लंडनच्या बार्बिकनने २००५ मध्ये त्यांचे भव्य प्रदर्शन मांडले. ऑस्ट्रिया सरकारने २००८ मध्ये विज्ञान आणि कलेसाठीचा मानाचा किताब दिला. पॅरिसच्या गिमे संग्रहालयाने २०१६ मध्ये, तोक्योच्या छायाचित्र संग्रहालयाने २०१७ मध्ये दालने उघडून दिली. या संस्थांत कलेवर डॉक्टरेट मिळवलेली माणसे बसतात. चित्राचा कागद कुठल्या गिरणीचा, शाई कुठली, प्रत कितवी, आधीचा मालक कोण, याची ती वंशावळ काढतात. एका तैलचित्राच्या मालकीत दोन वर्षांची फट आढळली तर खरेदी थांबते. तेवढ्याच कसोशीने ‘या बाईची संमती कुठे आहे?’ हा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर? पण विचारला नाही. जपानी बाई, किमोनो, दोरी, खाली घातलेली नजर: पाश्चात्त्यांच्या मनात पौर्वात्य बाईचे जे चित्र शतकभर टांगलेले होते तेच त्यांना भिंतीवर मिळाले. मग कोण कशाला खिळा उपटून पाहतो!

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ सेक्समध्ये अराकींचे प्रदर्शन चालू होते. तिथे भिंतीवर या आरोपांचा उल्लेख करावा लागला. त्याच वर्षाअखेर बर्लिनच्या सी/ओ बर्लिन या संस्थेत प्रदर्शन भरले तेव्हा आशियाई तरुणी निदर्शने करायला पोचल्या. निदान दार तरी ठोठावले गेले. पण ठोठावले कुणी? बाहेरच्या मुलींनी. आत पगार घेऊन बसलेल्या मान्यवरांनी तोवर तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

आणि पाहणारे आपण? पुस्तक विकत घेणारा, फोटोसमोर हात मागे बांधून गंभीर चेहऱ्याने उभा राहणारा रसिक? त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. फोटो अस्सल आहे, त्यातली जवळीक खरी आहे, या समजुतीचेच पैसे तो मोजत होता. काओरीचे म्हणणे ऐकले तर तो खरेपणाच रचलेला होता आणि त्याची किंमत तिच्या अब्रूतून, तिच्या झोपेतून वसूल होत होती. अराकी म्हणाले हे माझे खासगी जीवन आहे. पण फोटोत दोन माणसे असतात, कॅमेऱ्यापुढची आणि कॅमेऱ्यामागची. दोघांपैकी एकाने परस्पर दुसऱ्याचेही खासगी जीवन विकायला काढले, तर बाजारपेठेत आपण त्याला काय म्हणतो?

लगेच प्रश्न येईल, नव्हे आलाच आहे: एवढा त्रास होता तर पंधरा वर्षे थांबली कशाला? सज्ञान बाई, कुणी साखळीने बांधली होती काय? हा प्रश्न मला पाठ आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला तो विचारतात, मुकादमाच्या तावडीतल्या ऊसतोड कामगारणीला विचारतात, गुरूच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या शिष्येला विचारतात. थांबली कशाला, हे तिला विचारायला आपल्याला लाज वाटत नाही. इतकी वर्षे ठेवून घेतले, मग कागद का केला नाही, हे त्याला विचारायला मात्र जीभ रेटत नाही. कोवळ्या वयात एखादा जगन्मान्य माणूस तुझ्यात मला काही दिसते म्हणतो, भोवतालचे सगळे तू भाग्यवान म्हणतात, तेव्हा नाही म्हणायला जे बळ लागते ते समाजाने त्या मुलीला कधी दिले होते? आखाड्यावरून उतरा म्हटल्यावर उतरण्याचेच वळण तिला जन्मभर लावलेले.

दुसरे म्हणतात, प्रतिभावंताला नियमात बांधले तर कला मरेल. वा! रोज सकाळी येणाऱ्या दुधवाल्याचा हिशेब ठेवल्याने चहा कडू होतो असे कुणी म्हणत नाही. मॉडेलला ठरलेली रक्कम दिली, फोटो दाखवून होकार घेतला, परका माणूस खोलीत येण्याआधी तिला विचारले, तर यानागावाच्या होडीतला तो फोटो कमी सुंदर झाला असता? मला तर उलट वाटते. संमती न विचारता मिळालेल्या जवळिकीला जो माणूस सत्य म्हणतो, त्याची सत्याची कल्पनाच पोकळ आहे.

जपानी समाज पूर्ण झोपलेला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिओरी इतो या पत्रकार तरुणीने २०१७ मध्ये स्वतःचे नाव आणि चेहरा उघड करून बलात्काराची तक्रार जगापुढे मांडली. फौजदारी खटला उभा राहिला नाही. पण २०१९ मध्ये तोक्योच्या कोर्टाने दिवाणी दाव्यात तिच्या बाजूने निकाल देऊन तेहतीस लाख येनची भरपाई मंजूर केली. दरम्यान तिला शिव्याशाप इतके मिळाले की देश सोडून लंडन गाठावे लागले. २०२३ साली जपानच्या संसदेने बलात्काराची व्याख्या बदलून संमतीचा अभाव हा तिचा गाभा केला, आणि संमतीचे वय तेरावरून सोळावर नेले. तेरा! एकविसाव्या शतकातली तेवीस वर्षे उलटेपर्यंत तेरा होते.

इतोने आपल्या लढ्यावर स्वतःच ‘ब्लॅक बॉक्स डायरीज’ हा माहितीपट केला, तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तेव्हा जपानमध्ये आक्षेप निघाला, की हॉटेलच्या कॅमेऱ्यातले चित्रण आणि काही माणसांचे आवाज तिने परवानगीवाचून वापरले. आक्षेप घेणाऱ्यांत तिचे पूर्वीचे वकीलही होते. आक्षेप रास्त असेल. संमतीचा नियम पीडितेलाही लागू व्हावा, याला माझी ना नाही. पण ही नैतिक जागृती अराकींच्या चारशे पुस्तकांच्या वेळी कुठे गेली होती, एवढे तरी कुणी सांगावे. हॉटेलच्या दारावरल्या कॅमेऱ्याची परवानगी हवी आणि खोलीतल्या बाईची नको?

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. जपानमध्ये उघड लैंगिक चित्रफितींचा प्रचंड धंदा चालतो. सभ्य माणसे त्याचे नाव घेत नाहीत, घेतले तर नाक मुरडतात. जून २०२२ मध्ये या धंद्यासाठी कायदा झाला. लेखी करार सक्तीचा. करार झाल्यावर एक महिना जाईपर्यंत चित्रीकरण करायचे नाही. चित्रीकरण झाल्यावर चार महिने प्रसिद्ध करायचे नाही. काम करणाऱ्या व्यक्तीने आपली चित्रे पाहायची, विचार करायचा. प्रसिद्ध झाल्यावरही ठरावीक मुदतीत कारण न देता तिला करार मोडता येतो, आणि मग ती फीत बाजारातून मागे घ्यावी लागते. या कायद्यावर त्या धंद्यातल्या बायकांचेही आक्षेप आहेत, कामे बुडतात अशी ओरड आहे, ती खोटी नाही. तरीही पाहा. ज्या धंद्याला समाज गटार म्हणतो तिथे बाईच्या होकाराला कायद्याने महिन्यांच्या मुदती बांधून दिल्या. हा कायदा चित्रफितींचा. भिंतीवर सोनेरी चौकटीत टांगलेल्या छायाचित्राला तो लागू नाही. तिथे बाईचे रक्षण कोण करणार? तर कलावंताची सदसद्विवेकबुद्धी.

आता आपल्या दाराशी. एप्रिल २०१८ चा उल्लेख मी उगाच केला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसून मुलाला वाढवणाऱ्या यमुनेची ती गोष्ट. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडलेला हाच चित्रपट माहिती-प्रसारण खात्याने यादीतून काढून टाकला, आणि परीक्षकांच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. सगळा महाराष्ट्र वाद घालू लागला. कशावर? नाव असे का, देह दिसतो का, संस्कृती बुडते का. एका बाजूला सोवळे, दुसऱ्या बाजूला अभिव्यक्तिस्वातंत्र्य. यमुनेसारखी बाई तासाला किती कमावते, तिला आजारपणाची रजा आहे का, तिची चित्रे विकली गेली तर तिला दमडी मिळते का, खिशातल्या मोबाइलने कुणी तिचा फोटो काढला तर तिने दाद कुठे मागायची, यावर किती अग्रलेख आले? आपले संपादक, आपले चित्रकार, आपले नाटकवाले, सगळे त्याच जुन्या कुस्तीत रंगले. जपान्यांचे कलम १७५, आपले तेव्हाच्या दंडसंहितेतले अश्लीलतेचे कलम २९२. आखाडा तोच.

आणि आपल्याला तर सबब नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. मुखपृष्ठावर नग्न चित्र छापून चालवले. १९३१ मध्ये खटला, दंड. १९३४ मध्ये पुन्हा खटला. त्या वेळी वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, कारण लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता हे त्यांना मान्य नव्हते. कोर्टाने दंड केलाच. कर्व्यांचा सारा झगडा कशासाठी होता? मूल हवे की नको, किती हवीत, शरीर कुणाला द्यायचे, हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे यासाठी. नग्नतेला ते भ्याले नाहीत, पण बाईच्या इच्छेला त्यांनी शोभेची वस्तूही मानले नाही. नव्वद वर्षांपूर्वी मराठीत हे स्वच्छ सांगितले गेले होते. त्यातला नग्नतेचा भाग आपण घेतला, तोही चोरून. इच्छेचा भाग अजून उचलायचा आहे.

म्हणून ‘अराकिमेंटारी’वर बंदी घाला, पुस्तके जाळा, असली आरोळी माझ्याकडून कुणी अपेक्षू नये. बंदीने चित्रातल्या बाईला दमडीचा न्याय मिळत नाही, उलट बंदीवाले आणि बंदीविरोधी पुन्हा एकमेकांच्या उरावर बसतात आणि ती पुन्हा बाजूला पडते. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या, पणजीच्या फिल्म सोसायट्यांना माझी विनंती एवढीच. हा चित्रपट जरूर दाखवा. पण त्याआधी काओरीचा लेख मिळवा, मराठीत आणा, छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवा, आणि चर्चेला समीक्षक बोलावणार असाल तर त्यांच्याबरोबर मॉडेल म्हणून काम करणारी एक बाईही बोलवा. तिला मानधन द्या, समीक्षकाला देता तेवढेच. आणि चित्रकला महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आपल्याकडे बसणाऱ्या मॉडेलशी केलेला करार कपाटातून काढून एकदा वाचावा. कपाटात करारच नसेल, तर या सत्राचा पहिला वर्ग भरण्याआधी तो करावा.